सहा प्रश्नचिन्हं

à¤•à¥‹à¤³à¥€

असं दिसत होतं कोळी आडनाव
मंगळवारी सकाळी, महापेच्या चौथ्या मजल्यावर,
दिवाळे गावच्या मच्छीमार सोसायटीच्या यादीत.
डोक्यावर तिरकी काडी घेतलेला परका ए,
त्याच्यामागे चार शिंगं फुटलेलं वर्तुळ,
मध्येच जपानी नाण्याची खूण.
सेक्रेटरी हरेश्वर तांडेल फोनवर म्हणाले,
"मॅडम, डिझेलचा परतावा ह्या भाषेत मिळत नाय."

मला हायसं वाटलं. खरंच सांगते.
गिचमिड ही चांगली बातमी असते.
गिचमिडीत बाइट शाबूत असतात,
क चे तीन, ळ चे तीन, वेलांटीचेही तीन,
फक्त वाचणाऱ्यानं चुकीचा चष्मा लावलेला.
माझ्या आधीच्या मुलानं फ्रेमवर्क नवं घातलं
आणि जोडणीच्या ओळीत लॅटिन तसंच राहू दिलं.
आत येणारे देवनागरी, घरातले देवनागरी,
दारावरचा माणूस तेवढा रोमचा.

दुरुस्ती घाईनं करायची नसते.
स्तंभाला थेट म्हटलं, बाबा, युनिकोड हो,
तर तो ती गिचमिडच इमानेइतबारे उतरवून घेतो,
कायमची.
आधी त्याला विसरायला लावायचं:
तू अक्षर नाहीस. तू नाव नाहीस कुणाचं.
नुसते बाइट आहेस, ओळीनं बसलेले.
मग, तो काहीच नसताना,
कानात सांगायचं तो कोण आहे ते.

बॅकअप घेतला. दुसरा घेतला. चहावर साय धरली.
एंटर.

कोळी. भोईर. तांडेल.
जोमा, हाशा, काथोड, लडकूबाई,
आणि कुणा ज्योत्स्नाची सगळी जोडाक्षरं
एकमेकांना घट्ट धरून.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.
खाली स्क्रोल केलं नव्हतं अजून.

??????

सर्व्हर हलवल्यानंतर भरलेल्या एकेचाळीस ओळी.
प्रश्नचिन्ह म्हणजे गिचमिड नव्हे.
इथे दारावरच्यानं अक्षर पाहिलं, ओळखलं नाही,
खाडीत फेकलं, आणि जागेवर खूण ठेवली.
बॅकअपातही तीच खूण.
आकडे मात्र तगतात, त्यांना सगळीकडे ओळख असते.
होडी क्रमांक, इंजिनाचा नंबर, तारीख.
बाकी उरते नुसती मोजदाद,
काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून.

चाळीस नावं सोसायटीच्या वहीत मिळाली,
तेलकट पानांवर, तीन वेगवेगळ्या हातांची.
एकशे सत्त्याऐंशीचं पान नव्हतं.
सहा चिन्हं. मी बोटांवर मोजलं:
ए, क, व, वेलांटी, र, काना.
एकवीरा.
धक्क्यावर दर चौथी होडी एकवीरा.
टाइप केलं. सेव्हवर बोट ठेवलं,
आणि का कोण जाणे, हरेश्वररावांना फोन लावला.
"ती नारायण नाखवाची. तो गेला दोन साल झाली.
घरी बाई हाय, इचारा."

शनिवारी कोपरखैरण्याहून बसनं गेले.
ती ओट्यावर जाळ्यातला गुंता सोडवत होती,
माझ्यापेक्षा कमी बॅकअप घेऊन.
विचारलं, होडीचं नाव काय?
तिनं आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"माजाच हाय. त्यांनीच टाकलेला, मला न इचारता."
तुमचं नाव?
"पदुबाई."

प, द, उकार, ब, काना, ई.
सहा.

तिच्यासमोरच पुसली माझी एकवीरा,
देवीची मनातल्या मनात माफी मागून.
"आता नीट लिवलास ना? मागच्या पोरानं पन लिवला व्हता."
लिहिलं, म्हटलं. दाखवलं.
तिला वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ पाहत राहिली,
अंगठ्यानं काच पुसून परत.

सोमवारी हरेश्वररावांचा मेसेज:
सगळं दिसतंय. आभारी आहे.
फक्त एकशे बारामध्ये माळी झालंय, तिथे म्हात्रे पाहिजे.
तपासलं. वहीत म्हात्रेच होतं.
घाईत मीच वरची ओळ वाचली होती.
त्याला कुठली सेटिंग नाही.